टिपरच्या टॉर्क रॉडचे बुश कधी बदलायचे?

टॉर्क रॉड म्हणजे एक्सलला चासीशी जोडणारा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या टोकाच्या कड्यात पिनेभोवती बसवलेलं रबर. रबराला वरून चिरा दिसल्या म्हणून बुश बदलायला घेऊ नका. ऊन आणि डिझेल लागून वरचं रबर तडकतंच. रबर लोखंडापासून सुटलंय का, एका बाजूने बाहेर फुगून आलंय का, मधली पिन कड्याच्या मध्यावर आहे की एका अंगाला बसलीय, हे बघा. कड्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर आत लोखंड लोखंडावर घासतंय.

दहाचाकी टिपरमध्ये पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वजन पेलतात आणि ब्रेकचा, ओढीचा झटका टॉर्क रॉड घेतात. म्हणून बुश गेला की ब्रेक दाबताना किंवा क्लच सोडताना एकच जड 'खट्' ऐकू येतो. मात्र पाटे आवळून धरणारा यू-बोल्ट सैल असला किंवा पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटला असला तरी असाच आवाज येतो. आधी ते तपासा, नाहीतर चांगले बुश काढले जातात आणि आवाज तसाच राहतो.

गाडी रिकामी करून सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्या. हौदा खालीच हवा. रॉडची टोकं तारेच्या ब्रशने साफ करून कडं आणि ब्रॅकेटच्या फटीत पहार घाला, हाताच्या जोराने रेटा. रबर थोडं दबून परत जागेवर आलं तर बुश चालेल. 'टक्' वाजलं, किंवा सोडल्यावर कडं तिथेच राहिलं, तर गेला. पहारीवर पाईप चढवून ताकद लावू नका, तसा नवा बुशही हलतो.

शंका उरली तर चासीच्या क्रॉसमेंबरला (आडव्या पट्टीला) मोबाईल घट्ट बांधून व्हिडिओ लावा, ठोकळे काढा आणि ड्रायव्हरला पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये, हातभर गाडी हलवून ब्रेक मारायला सांगा. गाडीखाली माणूस नको. पिन कड्यात पुढेमागे उडताना स्पष्ट दिसते.

मग टेप काढा. मागच्या दोन एक्सलच्या हबच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. 3 मिमीहून जास्त फरक असेल तर एक्सल तिरका बसलाय. टायरवरून हात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धार लागत असेल, तर बुशपेक्षा महाग माल झिजतोय.

लोखंडाला लोखंड लागत असेल तर त्या दिवशी गाडी भरू नका. रबर नुसतं फुगलं असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबता येतं, पण मधे एकदा पहार लावून बघा. बदलताना रॉडची दोन्ही टोकं, आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूच्या जोडीच्या रॉडचेही बुश घ्या. एकीकडे कडक नवं रबर आणि दुसरीकडे मऊ जुनं, मग एक्सल पुन्हा वाकडा ओढतो.

जुना बुश प्रेसवर काढा. गॅसने जाळून काढायची पद्धत सर्रास आहे, पण त्याने कडं तापून कमजोर होतं आणि धूर विषारी असतो. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस-ऑइलने रबर फुगतं. नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावरच. जॅकवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. नट आवळायचा जोर (टॉर्क) कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे द्या, पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा, मग चाकांचं अलाइनमेंट.

पुढच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश धातूचे असतील तर हिशोब वेगळा. चासी जॅकवर उचलून पाट्यावरचं वजन काढा आणि मग ग्रीस भरा. वजन असताना ते दाबाच्या बाजूला पोचतच नाही. निपल ग्रीस आत घेत नसेल तर पिन बाहेर काढून नख फिरवा. खाचेत नख अडकलं की पिन आणि बुश जोडीनेच बदला.