व्हीएस कोडमध्ये स्वतःच्या सोयीचे कीबोर्ड शॉर्टकट कसे बसवावेत

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहिताना हात वारंवार माऊसकडे जात असेल, तर त्यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असते. एक तर हव्या त्या कमांडला शॉर्टकटच दिलेला नसतो, किंवा दिलेला असूनही तो आपल्या कीबोर्डवर सहज दाबता येत नाही. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या ज्या मुलामुलींकडे लहानसा, बरेचदा सेकंडहँड लॅपटॉप असतो, त्यांना दुसरे कारण अधिक जाचते. अशा अनेक लॅपटॉपवर एफ2, एफ5 आणि एफ12 या बटणांनी प्रकाश किंवा आवाज कमी-जास्त होतो आणि मूळ काम करून घेण्यासाठी सोबत एफएन दाबावे लागते. फंक्शन जेथे लिहिले आहे तेथे नेणारी ‘गो टू डेफिनिशन’ ही कमांड एफ12 वर आणि नाव सगळीकडे एकदम बदलणारी ‘रिनेम सिम्बॉल’ ही कमांड एफ2 वर असल्यामुळे, दिवसभर लागणाऱ्या या दोन गोष्टी नेमक्या अडचणीच्या जागी जाऊन बसतात.

शॉर्टकटची यादी उघडण्यासाठी कंट्रोल धरून आधी के आणि नंतर एस दाबावे, किंवा फाइल मेनूतील प्रेफरन्सेसमधून कीबोर्ड शॉर्टकट्स निवडावे. यादीत प्रत्येक ओळीवर कमांडचे नाव, तिचा शॉर्टकट, तो कोणत्या स्थितीत चालतो हे सांगणारा ‘व्हेन’चा रकाना आणि तो कोठून आला हे सांगणारा ‘सोर्स’चा रकाना असतो. वरच्या चौकटीत कमांडचे नाव टाइप करून शोधता येते. त्याच चौकटीच्या उजवीकडे असलेले कीबोर्डचे चिन्ह दाबले, तर नावाऐवजी प्रत्यक्ष बटणे दाबून शोध घेता येतो, आणि एखादे बटण कोणी अडवून ठेवले आहे हे त्यातून लगेच कळते. नवीन शॉर्टकट ठरवण्याआधी हा शोध नेहमी घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

एफ12 ची अडचण सोडवण्यासाठी ‘गो टू डेफिनिशन’च्या ओळीवर उजवे क्लिक करून ‘अ‍ॅड कीबाइंडिंग’ निवडावे, ऑल्ट आणि डी एकत्र दाबावे आणि एंटर करावे. ‘चेंज कीबाइंडिंग’ निवडले तर जुना शॉर्टकट जातो. ‘अ‍ॅड’ने तो कायम राहून नवा सोबत बसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोठ्या कीबोर्डवर एफ12 आणि घरी लॅपटॉपवर ऑल्ट-डी, अशी सवय ज्यांना ठेवायची आहे त्यांना हेच सोयीचे पडेल. ऑल्टसोबत अक्षर निवडताना मात्र विंडोज आणि लिनक्सवर एफ, ई, एस, व्ही, जी, आर, टी आणि एच ही अक्षरे टाळावीत, कारण ती वरचे मेनू उघडण्यासाठी राखलेली असतात.

कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र असलेले शॉर्टकटही शक्यतो घेऊ नयेत. विंडोज या जोडीला उजवीकडचे ऑल्ट-जीआर बटण समजते, आणि इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर ऑल्ट-जीआर व 4 दाबल्यावर रुपयाचे ₹ हे चिन्ह उमटते. हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते चिन्ह रोज लागणार, म्हणून ती जागा मोकळी ठेवणेच बरे.

शॉर्टकटला अट घालता येणे ही या एडिटरची सर्वांत उपयोगी सोय आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. जिनिंगवर आलेल्या कापसाच्या गाडीचे भरलेले वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन घेऊन निव्वळ क्विंटल काढणारा एक लहान पायथन प्रोग्रॅम आपण लिहीत आहोत, असे समजू. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो चालवून पाहावा लागतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पायथन एक्स्टेन्शनमधील ‘रन पायथन फाइल इन टर्मिनल’ या कमांडला कंट्रोल-आर द्यायचे ठरवले, तर तो शॉर्टकट आधीच एका कमांडकडे असल्याची सूचना चौकटीतच दिसते. अलीकडे उघडलेल्या फोल्डरांची यादी दाखवणारी ‘ओपन रीसेंट’ ही ती कमांड आहे. तरीही एंटर करावे आणि मग त्या ओळीवर उजवे क्लिक करून ‘चेंज व्हेन एक्स्प्रेशन’ निवडावे. तेथे दोन अटी लिहायच्या असतात. पहिली ‘एडिटर टेक्स्ट फोकस’, म्हणजे कर्सर मजकुरात असणे. हे तीन शब्द रोमन लिपीत सलग लिहून दुसऱ्या व तिसऱ्या शब्दाचे आद्याक्षर मोठे ठेवावे. दुसरी ‘एडिटर लँग आयडी’, पुढे == आणि मग पायथन हे नाव लहान अक्षरांत; येथेही ‘लँग’ आणि ‘आयडी’ यांचे केवळ पहिले अक्षर मोठे असते. दोन्हींच्या मध्ये && टाकावे.

आता पायथनच्या फाइलमध्ये कर्सर असताना कंट्रोल-आर दाबले की प्रोग्रॅम चालतो, आणि इतर ठिकाणी पूर्वीसारखीच फोल्डरांची यादी उघडते. याचे कारण असे, की एडिटर सर्व नियम खालून वर तपासतो, आपण केलेले नियम मूळ नियमांच्या खाली जोडलेले असतात, आणि बटण व अट दोन्ही जुळणारा पहिला नियम सापडला की तो पुढे पाहत नाही. ‘व्हेन’चा रकाना रिकामा सोडला असता, तर फोल्डरांच्या यादीला कंट्रोल-आर पुन्हा कधीच मिळाले नसते.

आपले सर्व बदल कीबाइंडिंग्ज डॉट जेसन या एकाच फाइलमध्ये साठतात, आणि यादीच्या वर उजवीकडे असलेल्या चिन्हाने ती उघडता येते. प्रत्येक नियम महिरपी कंसात असतो व त्यात मुख्यतः बटणे, कमांड आणि अट असते. कमांडच्या नावाआधी वजाचे चिन्ह दिसले, तर तेथे मूळ शॉर्टकट काढून टाकला आहे असे समजावे. फसल्यासारखे वाटल्यास यादीत त्या कमांडच्या ओळीवर उजवे क्लिक करून ‘रिसेट कीबाइंडिंग’ करावे.

मराठी टायपिंग चालू ठेवून काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. लिनक्सवर एफसिटिक्स हे टायपिंगची भाषा बदलणारे सॉफ्टवेअर वापरत असल्यास भाषा बदलण्यासाठी ते मुळातच कंट्रोल-स्पेस घेते, आणि व्हीएस कोडमध्ये पुढचा शब्द सुचवणारी ‘ट्रिगर सजेस्ट’ ही कमांडही त्याच बटणांवर असते. अशा वेळी बटणे एडिटरपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि विद्यार्थी उगाच एडिटर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. खात्री करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ ही डेव्हलपर कमांड द्यावी. खालच्या आउटपुटमध्ये एडिटरने ओळखलेले प्रत्येक बटण आणि त्यावरून निवडलेली कमांड उमटते. तेथे काहीच उमटले नाही, तर बटण एडिटरबाहेर दुसऱ्या कोणीतरी घेतले आहे, म्हणून दुरुस्तीही तेथेच करावी लागते.

वीज केव्हाही जाते म्हणून ‘सेव्ह ऑल’ला सोपा शॉर्टकट द्यावा, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते त्यापेक्षा फाइल मेनूतील ‘ऑटो सेव्ह’ चालू करावे. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर दिवे गेल्यानंतर बटण दाबायला अवधीच मिळत नाही.

इंटरनेट चांगले असेल तर ‘सेटिंग्ज सिंक’ हे शॉर्टकट दुसऱ्या संगणकावर आपोआप नेते. मात्र विंडोज, लिनक्स आणि मॅकचे शॉर्टकट ते मुळात वेगवेगळे ठेवते. नेटवर्कचा भरवसा नसलेल्या गावी कीबाइंडिंग्ज डॉट जेसन ही एक फाइल पेनड्राइव्हवर घेतली तरी काम होते. विंडोजमध्ये ती अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरातील कोड आणि त्यातील यूजर या फोल्डरात, तर लिनक्समध्ये होम फोल्डरातील लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात त्याच नावांखाली सापडते. नव्या संगणकावर ठेवण्याआधी तेथे आधीची फाइल असल्यास तिची प्रत काढून ठेवावी, कारण सामायिक संगणकावर ती दुसऱ्या विद्यार्थ्याची असू शकते.