लांबच्या विमानप्रवासात पाय सुजू नयेत म्हणून

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास घेतं. ‘भरपूर पाणी प्या, अधूनमधून फिरा’ एवढं सांगून आई-वडिलांना त्यात बसवून देणं मला अजिबात पटत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलं की ते घोट्यापाशी साचतं. क्वचित शिरेत गुठळीही होते, आणि चार तासांपुढच्या प्रवासात तो धोका वाढतो.

सीट आयलची, म्हणजे मधल्या वाटेकडचीच घ्या. पुढच्या सीटखाली बॅग कोंबू नका, पाय तिथेच पसरायचे असतात.

आता मोजे. मलाही सुरुवातीला हेच जड गेलं होतं, म्हणून सविस्तर सांगते. मेडिकलमध्ये गुडघ्याखालपर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे घट्ट मोजे मागा, घोट्याशी १५ ते २० मिलिमीटर पारा दाबाचे. बुटाच्या नंबरावरून देऊ लागले तर घेऊ नका. सकाळी उठल्या उठल्या, पायांची सूज उतरलेली असताना, घोट्याच्या वरची सर्वांत बारीक जागा आणि पोटरीची सर्वांत जाड जागा टेपने मोजा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालायचेच नाहीत.

ते विमानात घालू म्हणणं चुकीचं आहे. आपल्याकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. दिवसभराची धावपळ, टॅक्सी, मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवरच्या रांगा, यांतच पाय जड झालेले असतात. निघण्याआधी अर्धा तास उशीवर पाय ठेवून आडवं व्हा आणि मग घरीच मोजे चढवा. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, चवडा आत सरकवा, टाच टाचेच्या जागी नीट बसवा, मग थोडा थोडा वर घ्या. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड छान येते. एकही चुणी राहू देऊ नका, आणि वरची कड दुमडून खाली तर मुळीच करू नका. तिथेच पट्टा आवळतो आणि खालचा पाय जास्त सुजतो.

विमानात टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा; दर तासाला वीस-वीस वेळा. झोपेची गोळी घेऊन निपचित पडून राहणं मला धोक्याचं वाटतं. गुठळी होऊ नये म्हणून मनानेच ॲस्पिरिनही घेऊ नका.

 

दोन्ही पाय सारखेच सुजले तर सहसा एक-दोन दिवसांत उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, मग प्रवासाला दोन आठवडे उलटून गेलेले असले तरी. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.