रोबोटची मोटर पुन्हा पुन्हा जाते? या चुका टाळा

रात्रपाळीत रोबोट थांबतो. पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) ओव्हरकरंटचा, म्हणजे जास्त करंटचा, अलार्म. मेंटेनन्सवाला स्टोअरमधून मोटर आणतो, बदलतो, लाइन सुरू होते. तीन महिन्यांनी तोच रोबोट, तोच अक्ष, तोच अलार्म. चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, जिथे जिथे सहा अक्षांचे रोबोट पार्ट उचलतात किंवा वेल्डिंग करतात, तिथल्या मेंटेनन्सच्या माणसांना हा प्रकार नवा नाही. सर्व्हो मोटर आपणहून क्वचितच मरते. तिला कुणीतरी मारलेलं असतं: गिअरबॉक्समधलं ग्रीस, अर्धवट सुटलेला ब्रेक, कनेक्टरमध्ये शिरलेलं कुलंट (मशिनिंगमध्ये थंड करायला वापरलेलं द्रव), नाहीतर चुकीचा भरलेला पेलोड (रोबोट उचलतो त्या वजनाची नोंद). तो मारेकरी न शोधता मोटर बदलली, तर नव्या मोटरचीही तीच गत होते.

अलार्म वाचला, पण समजून घेतला नाही

फॅनुक कंपनीच्या रोबोटवर एसआरव्हीओ-०४६ हा ओव्हरकरंटचा अलार्म आला की ‘मोटर गरम झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. हा अलार्म मोटरमधल्या थर्मोस्टॅटचा नाही. मोटरला वीज पुरवणारा ड्राइव्ह काही काळातल्या करंटचा हिशेब करतो आणि तो मर्यादेपलीकडे गेला की अक्ष थांबवतो. म्हणजे मोटरला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतोय, एवढंच त्यातून कळतं. जोर का लागतोय ते आपण शोधायचं. अलार्म हिस्टरीत वेळ बघा. सकाळी पहिल्या अर्ध्या तासातच येतो का? मग थंडीत घट्ट झालेलं ग्रीस हे कारण असू शकतं, आणि कमी वेगाचा दहा मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम हाच उपाय. दुपारी लाइन पूर्ण वेगात असताना येतो? मग पेलोड, सायकल टाइम आणि ब्रेककडे बघा. हात एका ठरावीक स्थितीत गेल्यावरच येतो? मग केबल.

त्या शेवटच्या शक्यतेवर थोडं थांबायला हवं. रोबोटच्या हातातून जाणारी केबल दिवसाला हजारो वेळा वाकते. आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. मल्टिमीटर लावला की कंटिन्युइटी दाखवते, कारण रोबोट उभा असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात. पॉवर बंद करून मीटर जोडलेला ठेवा आणि दुसऱ्याला केबल वाकण्याच्या जागी हलवायला सांगा. आकडा उड्या मारू लागला की मोटरचा बॉक्स परत स्टोअरमध्ये.

ग्रीस भरताना आउटलेट बंद ठेवणं

मोटर मारणारी ही सगळ्यात महागडी चूक आहे, आणि ती करणारा माणूस उलट चांगलं काम करतोय अशाच समजुतीत असतो.

मोठ्या रोबोटच्या रिड्यूसरमधलं (अक्षाच्या गिअरबॉक्समधलं) ग्रीस ठरावीक तासांनी बदलावं लागतं. फॅनुकच्या आर-२००० मालिकेसाठी ३ वर्षं किंवा ११,५२० तास, जे आधी होईल ते. नवं ग्रीस पंपाने आत ढकलताना जुनं ग्रीस बाहेर यायला वाट हवी. आउटलेटचा प्लग उघडायचा राहिला, किंवा उघडला पण तिथे वाळलेल्या ग्रीसचा गोळा बसलेला असला, की आतला दाब वाढत जातो. मग ग्रीस सगळ्यात कमजोर जागेतून वाट काढतं, आणि ती जागा म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं ऑइल सील. तिथून ते ब्रेकच्या प्लेटवर आणि वाइंडिंगवर पसरतं. ब्रेक घसरू लागतो, धूळ चिकटते, इन्सुलेशन खराब होतं. बाहेरून महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही.

योग्य पद्धत अशी. मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्थितीत अक्ष आणा. आउटलेटचा प्लग काढा, भोकात तार घालून वाट मोकळी आहे याची खात्री करा. हाताचा पंप वापरा आणि सावकाश दाबा. हवेच्या दाबावर चालणारी गन रेग्युलेटरशिवाय लावू नका. नव्या रंगाचं ग्रीस बाहेर दिसलं की थांबा. यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात: आउटलेट उघडाच ठेवून तो अक्ष किमान २० मिनिटं पुढे-मागे चालवायचा, म्हणजे आत उरलेला दाब निघून जातो. खाली पिशवी बांधा, जमिनीवर सांडू देऊ नका. प्लग त्यानंतर लावा, जुनं सील असेल तर नवं घाला. आणि रिड्यूसरला कंपनीने सांगितलेलंच ग्रीस द्या. दुकानात मिळणारं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही.

ब्रेकला गाडीचा ब्रेक समजणं

मोटरमधला ब्रेक थांबलेला अक्ष धरून ठेवण्यासाठी असतो, धावता अक्ष थांबवण्यासाठी नाही. चहाची वेळ झाली म्हणून इमर्जन्सी दाबणं, पूर्ण वेगात असलेल्या सेलचं गेट उघडणं, हे रोज घडत असेल तर ब्रेकची प्लेट झिजते आणि हाताचं वजन पेलणाऱ्या अक्षांना त्याचा पहिला फटका बसतो. ऑपरेटरला सायकल स्टॉपचं बटण दाखवा, आणि तेच वापरायची सवय लावा.

उलटी बाजूही आहे: न सुटणारा ब्रेक. बऱ्याच मोटरांचा ब्रेक २४ व्होल्ट डीसी मिळाल्यावर सुटतो. पॅनेलवर २४ मोजले की आपण समाधानी होतो. लांब केबल, गंजलेली पिन किंवा थकलेला पॉवर सप्लाय यांमुळे मोटरच्या टोकाला व्होल्टेज कमी पोचतं. ब्रेक पूर्ण सुटत नाही, घासत राहतो, करंट वाढतो आणि ओव्हरकरंटचा अलार्म येतो. म्हणून व्होल्टेज मोटरच्या कनेक्टरपाशी मोजा, तेही ब्रेकला वीज दिलेली असताना. ब्रेक सुटताना आणि बसताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. तो मंद किंवा उशिरा आला तर शंका घ्या.

मेगर कुठेही लावणं

मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, हे चांगलं हत्यार आहे, पण चुकीच्या जागी लावला तर एन्कोडर (मोटरची स्थिती मोजणारा भाग) किंवा ड्राइव्ह संपवतो. आधी मेन बंद करून लॉक लावा. डीसी बसचे कपॅसिटर डिस्चार्ज होईपर्यंत थांबा, व्होल्टेज उतरल्याचं मीटरने बघा. मग ड्राइव्हकडून यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेजच्या तारा सोडवा. ५०० व्होल्ट डीसी प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यामध्ये द्या. एन्कोडरचा कनेक्टर वेगळा ठेवा, त्याला मेगर कधीच लावायचा नाही.

फॅनुकच्या सर्व्हो मोटरसाठी वाचन असं घेतलं जातं: १०० मेगाओहम किंवा जास्त असेल तर चांगली. १० ते १०० मध्ये इन्सुलेशन खालावायला लागलंय, चालवता येईल पण नियमित बघत राहा. १ ते १० मध्ये खालावणं बरंच पुढे गेलंय, बदलीची मोटर तयार ठेवा. १ च्या खाली असेल तर काढा. पॅनेलच्या टोकाला वाचन कमी आलं म्हणजे मोटरच दोषी, असं लगेच म्हणू नका. मोटरकडचा कनेक्टर सोडून पुन्हा घ्या. केबल एकटीच कमी दाखवत असेल तर मोटर वाचली.

फेज-फेजमधला रोध मात्र साध्या मल्टिमीटरने मोजू नका. अनेक मोटरांत तो एक ओहमच्याही खाली असतो, त्यासाठी मिलीओहम मीटर लागतो. तीनही जोड्या जवळपास सारख्या हव्यात.

मोटर काढून टेबलावर असेल तर हाताने करायची एक सोपी चाचणी आहे. ब्रेकला योग्य व्होल्टेज देऊन तो सोडा. तीनही फेज मोकळ्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवा: थोडे चुंबकाचे झटके जाणवतील, पण शाफ्ट हलका फिरेल. आता तीनही फेज एकमेकांना जोडा आणि फिरवा: शाफ्ट एकदम जड होईल. चांगल्या मोटरचं हेच लक्षण. फेज मोकळ्या असतानाच जड लागत असेल आणि ब्रेक खरोखर सुटलेला असेल, तर वाइंडिंगच्या वेढ्यांमध्ये आतच शॉर्ट असण्याची दाट शक्यता. खरखर जाणवली तर बेअरिंग किंवा ब्रेकची प्लेट.

पेलोड एकदा भरला आणि विसरला

रोबोट १६५ किलोचा आहे आणि आमचा ग्रिपर (पार्ट पकडणारा पंजा) पार्टसकट फक्त ६० किलोचा, मग काळजी कसली? काळजी अंतराची. ६० किलोचा गुरुत्वमध्य फ्लँजपासून (मनगटावर ग्रिपर बसवायच्या चकतीपासून) २०० मिमीवर असेल तर मनगटावर सुमारे ११८ न्यूटन-मीटर येतात. ग्रिपर बदलताना तोच ४०० मिमीवर गेला की २३५. वजन तेवढंच, ताण दुप्पट. पार्टचं मॉडेल बदललं, ग्रिपरवर एक सिलिंडर वाढवला, तरी पेलोडच्या पानावर जुनेच आकडे राहतात. वजन, गुरुत्वमध्य आणि जडत्व हे तिन्ही भरा. हात रिकामा असतानाचा आणि पार्ट धरलेला असतानाचा पेलोड वेगवेगळा ठेवून प्रोग्रॅममध्ये बदलत जा.

कुलंट आणि अर्थिंग

मशीनमधून पार्ट काढणाऱ्या रोबोटच्या मनगटावर कुलंटचे थेंब सतत उडतात. आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा कनेक्टर नीट बसलेला असेल आणि गॅस्केट शाबूत असेल तरच खरा. केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली झोका देऊन घ्या, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरात न जाता झोक्यातून गळून पडेल. कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला की पाणी आत गेलेलं आहे, पुसून परत लावू नका.

आर्क वेल्डिंग असेल तर रिटर्नचा क्लॅम्प थेट जॉबवर किंवा फिक्स्चरवर, वेल्डच्या जवळ हवा. तो दूरच्या स्ट्रक्चरवर लावला की वेल्डिंगचा करंट रोबोटच्या बेअरिंगांमधून वाट शोधतो.

बॅटरी बंद पॉवरवर बदलणं

फॅनुकच्या बऱ्याच रोबोटच्या तळाशी, अक्षांची स्थिती पॉवर बंद असतानाही लक्षात राहावी म्हणून, १.५ व्होल्टचे चार डी साइज सेल असतात. ते दर वर्षी बदलायचे, चारही एकदम, आणि कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून. एसआरव्हीओ-०६५ ही बॅटरी उतरत असल्याची सूचना. तिच्याकडे दुर्लक्ष झालं की एसआरव्हीओ-०६२ येतो आणि स्थिती हरवते. त्या वेळी ‘एन्कोडर गेला’ म्हणून मोटर बदलणारेही आहेत.

मोटर बदलताना

ब्रेक मोटरमध्येच असतो. मोटर काढली की त्या अक्षाला धरणारं काही उरत नाही. जे-२ आणि जे-३ (दुसरा आणि तिसरा अक्ष) वर हात खाली कोसळतो, आणि त्याखाली माणूस असू शकतो. हाताला चेन पुलीने किंवा मॅन्युअलमधल्या पिनने आधार दिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

शाफ्टवर हातोडी मारू नका. तो धक्का मागच्या टोकाच्या एन्कोडरपर्यंत जातो, बेअरिंगवर खड्डे पडतात. पिनियन रिड्यूसरच्या गिअरमध्ये बसत नसेल तर जोर न करता शाफ्ट थोडा फिरवा, दात जुळले की मोटर आपोआप आत जाते. ओ-रिंग नवी घाला, बोल्ट तिरप्या क्रमाने, टॉर्क रेंचने. नंतर त्या अक्षाचं मास्टरिंग (शून्य स्थिती पुन्हा ठरवणं) करा आणि प्रोग्रॅममधले दोन-तीन पॉइंट कमी वेगात तपासा.

जुनी मोटर फेकण्याआधी तिचं तोंड बघा: ऑइल सीलभोवती ग्रीस आहे का, पिन काळ्या आहेत का, ब्रेकची धूळ साठली आहे का. ते फोटोसकट मशीनच्या रजिस्टरमध्ये लिहा. फॅनुकवर स्टेटसच्या अक्ष पानावर प्रत्येक अक्षाचा डिस्टर्बन्स टॉर्क (अपेक्षेपेक्षा वेगळा लागणारा जोर) दिसतो. नवी मोटर बसल्यावर रोबोट अर्धा तास चालवा, तोच प्रोग्रॅम, तोच वेग ठेवून सहाही आकडे टिपून घ्या. पुढच्या महिन्यात त्याच दिवशी, तितकाच गरम झाल्यावर पुन्हा. आकडा चढायला लागला तर अलार्मची वाट न बघता ब्रेकचं व्होल्टेज आणि ग्रीसचा आउटलेट तपासा.