अँड्रॉइड टॅब आणि कीबोर्ड डॉक: पहिल्या आठवड्यात काय काय करून घ्याल

टॅब घेतला, सोबत कीबोर्ड डॉक, म्हणजे टॅबला जोडायचा कीबोर्डही घेतला, आता लॅपटॉपची गरज नाही, अशा उत्साहात बरेच जण सुरुवात करतात. मग हळूहळू तो कीबोर्ड कपाटात जातो आणि टॅब यूट्यूबपुरता उरतो. दोष वस्तूचा क्वचितच असतो. सुरुवातीला ज्या गोष्टी लावून घ्यायच्या असतात, त्या दुकानात कुणी सांगत नाही आणि खोक्यातल्या कागदावरही नसतात. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मराठी लिहिणं. ज्याला या कीबोर्डवर सरळ मराठी लिहिता येतं, तो टॅब रोज उघडतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मराठीलाच दिली आहे.

आधी डॉक कोणत्या प्रकारचा आहे ते बघा

आसुस कंपनीने २०११ साली 'ई-पॅड ट्रान्सफॉर्मर' नावाचा १०.१ इंची टॅब आणला, तेव्हापासून ही जोडी लोकांच्या डोळ्यांत भरली. त्याच्या डॉकमध्ये स्वतःची बॅटरी होती, दोन यूएसबी पोर्ट होते आणि एसडी कार्डाची खाच होती. नुसता टॅब साडेनऊ तास आणि डॉक जोडल्यावर सोळा तास चालेल, असा कंपनीचा दावा होता. आज बाजारात 'डॉक' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डांत यातलं काहीच नसतं. त्यामुळे जुनं वाचून किंवा ऐकून अपेक्षा ठेवू नका.

टॅबच्या कडेला किंवा पाठीला तीन-चार बारीक सोनेरी ठिपके असतील आणि कीबोर्ड तिथे चुंबकाने चिकटत असेल, तर तो पिनांचा कीबोर्ड. तो टॅबच्याच बॅटरीवर चालतो. वेगळा चार्ज करावा लागत नाही, जोडणीही करावी लागत नाही. कीबोर्डाला स्वतःचं चार्जिंग पोर्ट आणि चालू-बंदचं बटण असेल, तर तो ब्लूटूथचा. त्याची जोडणी एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन करावी लागते आणि अधूनमधून तो चार्जही करावा लागतो. ब्लूटूथचा कीबोर्ड काही वेळ हात लावला नाही तर झोपतो. मग पहिलं अक्षर गिळलं जातं आणि लोकांना वाटतं, बटण खराब आहे. उपाय सोपा आहे: लिहायला बसल्यावर आधी एकदा शिफ्ट दाबा, क्षणभर थांबा, मग सुरू करा.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच. कीबोर्ड हलका आणि टॅब जड असल्यामुळे मागचा टेकू पूर्ण उघडल्याशिवाय जोडी नीट उभी राहत नाही. टेबलावर छान चालते, मांडीवर डगमगते. एसटीत किंवा लोकलमध्ये मांडीवर घेऊन लिहायचं असेल, तर खाली एक पातळ कडक पॅड घ्या. परीक्षेला नेतो तसला पुठ्ठ्याचा पॅडही पुरतो.

चार्जर

फोनचा जुना ५ वॅटचा चार्जर टॅबला लावू नका. हिशेब करून बघा: १०,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३८ वॅट-तास. ५ वॅटने ती भरायला कागदावरच पावणेआठ तास लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. वर स्क्रीन चालू ठेवून काम करत असाल तर टक्केवारी हलतच नाही, उलट उतरतेसुद्धा. सोबत आलेला चार्जर वापरा. खोक्यात चार्जर नसेल, तर टॅबच्या माहितीत दिलेल्या वॅटचा, टाइप-सी पोर्टचा चांगला चार्जर घ्या. टॅब दिवसभर टेबलावर चार्जिंगलाच राहणार असेल, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का ते बघा आणि असेल तर चालू करा. बॅटरीचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं.

स्क्रीनवरचा कीबोर्ड नाहीसा झाला तर

डॉक जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड आपोआप लपतो. हे बरोबरच आहे. पण मराठी त्या स्क्रीनवरच्या कीबोर्डातच असल्यामुळे 'आता मराठी कसं लिहू?' म्हणून माणूस अडतो. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'भाषा आणि इनपुट' (नव्या आवृत्त्यांत नुसतं 'कीबोर्ड'), त्यात 'फिजिकल कीबोर्ड' असं जा. सॅमसंगच्या टॅबवर हेच 'जनरल मॅनेजमेंट'खाली सापडतं. तिथे स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवण्याचा एक खटका आहे, तो चालू करा. आता दोन्ही कीबोर्ड एकत्र वापरता येतील. हा तात्पुरता मार्ग झाला, पण पहिल्या दिवशी तो हाताशी असू द्या.

मराठी: इथे वेळ घाला

त्याच 'फिजिकल कीबोर्ड'च्या पानावर जोडलेल्या कीबोर्डाचं नाव दिसतं. त्यावर टिचकी मारली की भाषा आणि मांडणी निवडता येते. त्या यादीत मराठी आहे का पाहा, नसेल तर हिंदी पाहा. दोन्हींची प्रमाण मांडणी इन्स्क्रिप्ट हीच आहे आणि अक्षरं त्याच कळांवर येतात, त्यामुळे हिंदी निवडूनही मराठी व्यवस्थित लिहिता येतं. फक्त शुद्धलेखनाच्या सूचना हिंदीच्या येतील, त्या बंद करा.

यादीत काय असेल हे कंपनीनुसार आणि अँड्रॉइडच्या आवृत्तीनुसार बदलतं. म्हणूनच माझा आग्रह असतो की टॅब अजून घेतला नसेल, तर पैसे देण्याआधी दुकानातच कीबोर्ड जोडून मराठी लिहून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. मराठी शब्द उमटलेला डोळ्यांनी पाहा, मगच बिल करा.

इन्स्क्रिप्ट शिकायला अवघड आहे, हा समज मोडायला हवा. ही मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या प्रमाणात नोंदलेली आहे आणि तिच्यामागे साधं तर्कशास्त्र आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. अल्पप्राण साध्या कळेवर, महाप्राण त्याच कळेवर शिफ्टसह: इंग्रजी 'के'ची कळ दाबली की क, शिफ्टसह 'के' दाबला की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. काना 'ई'वर, आणि शिफ्टसह 'ई' म्हणजे आ. 'डी' म्हणजे पाय मोडणं, म्हणजे जोडाक्षरांची किल्ली.

एक शब्द सावकाश लिहू या: दुसऱ्या. 'ओ' दाबा, द आला. 'जी', उकार लागला. 'एम', स आला. आता इथे नेहमीचा र घेऊ नका. शिफ्ट धरून 'जे' दाबा, खाली टिंब असलेला ऱ येईल. मग 'डी'ने त्याचा पाय मोडा. मग तिरप्या रेघेची कळ दाबा, तिच्यावर य आहे. य आला की ऱ आपोआप डोळ्याच्या पापणीसारखा वळतो. शेवटी 'ई', काना. साध्या 'जे'वरचा र घेतला असता तर यवर रफार चढून 'दुसर्या' झालं असतं. इंटरनेटवर जागोजागी दिसणारी ही चूक लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही म्हणून होत नाही, कळ माहीत नसते म्हणून होते. सुऱ्या, दऱ्या, पुढाऱ्यांचे, शेतकऱ्यांना: हा ऱ मराठीत पावलोपावली लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी शिकून घ्या. तसाच ळ. तो शिफ्टसह 'एन'वर आहे. ण शिफ्टसह 'सी'वर.

ज्यांनी पूर्वी टाइपरायटरवर मराठी टंकलेखन केलं आहे, त्यांचा हात एका जागी हमखास अडखळतो. यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते. इथे आधी अक्षर, मग वेलांटी. 'कि' हवं असेल तर 'के' आणि मग 'एफ'. उच्चाराच्या क्रमाने लिहायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

भाषा बदलायला बऱ्याच टॅबवर कंट्रोल किंवा शोधाची अथवा विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबतात. काही कीबोर्डांवर पृथ्वीगोलाचं चित्र असलेली वेगळी कळ असते. तुमच्याकडे काय चालतं ते शोधा आणि ही एक हालचाल बोटांत बसवा. अक्षरं लक्षात राहीपर्यंत कळांवर लावायची देवनागरी स्टिकरं मिळतात, ती लावा. घरातल्या आजी-आजोबांसाठी टॅब असेल तर जरूर लावा. बारीक छापलेली घेऊ नका, अक्षर ठसठशीत हवं.

यादीत ना मराठी ना हिंदी, असं झालं तर? तर स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा ठेवा आणि बोलून लिहा. जीबोर्ड या गुगलच्या स्क्रीन-कीबोर्डमध्ये मराठी जोडून माइकच्या चिन्हावर बोट ठेवलं की तो मराठी ऐकतो. मजकूर बोलून उतरवायचा आणि दुरुस्त्या डॉकच्या बाणांच्या कळांनी, डिलीटने करायच्या. दीर्घ लेखनासाठी हा मार्ग मला अपुरा वाटतो, पण पत्र, निरोप, हिशेबाची नोंद यांना चालतो.

आणखी एक अडचण टॅबच्या माथी मारली जाते, ती त्याची नसते. छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेली श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमधली फाइल टॅबवर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड दिसतो. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक प्रमाणात नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. मजकूर बदलायचा असेल, तर युनिकोडमध्ये रूपांतर करून मागवा.

हात कळांवरच राहू द्या

दर वेळी हात उचलून स्क्रीनला लावायचा असेल तर कीबोर्डाचा उपयोग अर्धाच. ऑल्ट-टॅबने एका अॅपमधून दुसऱ्यात जाता येतं. कंट्रोलसोबत सी, व्ही, एक्स, ए, झेड हे विंडोजसारखेच चालतात. आणि शोधाची किंवा विंडोजची कळ धरून तिरपी रेघ दाबली की त्या टॅबवर चालणाऱ्या शॉर्टकटांची यादीच समोर येते. आधी ही यादी उघडा, त्यातले तुम्हाला लागणारे पाच-सहा कागदावर लिहून टॅबजवळ ठेवा.

२०२२ च्या अँड्रॉइड १२एलपासून मोठ्या स्क्रीनवर खाली अॅपांची पट्टी मिळते. तिथून एखादं अॅप ओढून कडेला सोडलं की स्क्रीनचे दोन भाग होतात. डावीकडे पीडीएफ, उजवीकडे टिपण: शिक्षकांना, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना याचा फार उपयोग आहे. मोबाइलवर हे सुख नाही.

ज्या गोष्टी फोनसारख्या चालणार नाहीत

यूपीआयची नोंदणी करताना बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच उपकरणात असावं लागतं. त्यामुळे नुसत्या वाय-फायच्या टॅबवर यूपीआय होणार नाही. त्यात वेळ घालवू नका, पैसे फोनवरूनच द्या. व्हॉट्सअॅप मात्र आता 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून टॅबवर चालतं. टॅबवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की झालं. मोठे निरोप लिहायला डॉक असलेल्या टॅबसारखी सोय नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्डचा एक नियम पुष्कळांना आयत्या वेळी कळतो. १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर फाइल फुकट बघता येते, पण तिच्यात बदल करायला वर्गणी भरावी लागते. आजचे बरेच टॅब ११ इंची आहेत. वर्गणी नको असेल तर गुगल डॉक्स वापरा, ते वर्डच्या फायली उघडतं आणि त्यात बदलही करू देतं. गावी जायच्या आधी लागणाऱ्या फायली 'ऑफलाइन' करून ठेवा. घाटात रेंज जाते, हे वेगळं सांगायला नको. सातबारा वगैरे सरकारी संकेतस्थळं आडवीतिडवी दिसली, तर क्रोमच्या मेनूतून 'डेस्कटॉप साइट' करा.

पेनड्राइव्ह लावायला साधा टाइप-सीचा ओटीजी जोडतुकडा लागतो. विंडोजवर एनटीएफएस या साठवणीच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह पुष्कळ टॅब वाचत नाहीत. आत काही नाही असं समजून तिथेच 'फॉरमॅट' दाबू नका, सगळं पुसलं जाईल. संगणकावर फायली काढून घ्या, तो एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा आणि परत भरा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

पिनांची निगा

पिनांचा कीबोर्ड मध्येच तुटायला लागला, अक्षरं गळायला लागली, की आधी त्या सोनेरी ठिपक्यांकडे बघा. घाम, धूळ आणि कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा यांनी त्यांवर थर बसतो. टॅब बंद करा. चष्मा पुसायच्या कोरड्या मऊ फडक्याने दोन्ही बाजूंचे ठिपके पुसा. नाही निघालं तर फडक्याच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. पिन, सुई, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. एवढं करूनही अक्षरं गळत असतील तर कीबोर्ड बदलून मागा. अनेकदा त्याचं बिल आणि वॉरंटी टॅबपासून वेगळी असते, म्हणून दोन्ही बिलांचे फोटो काढून ठेवा. छापील बिलाची शाई वर्षभरात उडते.