सोडा ब्रेडचं पीठ मळू नका

आयर्लंडच्या घराघरांत होणारा सोडा ब्रेड करताना हात आवरायचा, बाकी सगळं सोपं आहे. तिथल्या मऊ गव्हात ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी, म्हणून यीस्टऐवजी खाण्याचा सोडा आणि आंबट ताक. ४५० ग्रॅम मैद्याला सोडा व मीठ एकेक सपाट छोटा चमचा (टीस्पून), ३५०-४०० मिली ताक; आपलं पाणी घातलेलं नको, घट्टच हवं. ताक पडताच सोडा फसफसतो. पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसलात तर ब्रेड दगड होतो! बोटं फाकवून जेमतेम गोळा जमवा, खोल फुली कापा, लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा: २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. त्याच दिवशी जाड काप करून भरपूर खारं लोणी लावून खा.