चार मोटरींच्या पॅनेलला इनकमर (पॅनेलचा मुख्य ब्रेकर) किती अँपिअरचा?

उदाहरण डाळ मिलचं घेतो. 415 व्होल्ट, थ्री फेज. मोटरी 20, 10, 5 आणि 3 एचपीच्या. पहिल्या दोन स्टार-डेल्टावर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टात टाकणारा स्टार्टर), उरलेल्या डीओएलवर (थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू).

1. नेमप्लेटवरचे करंट लिहून घ्या. समजा 28, 14, 7.5 आणि 5 अँपिअर. ‘एचपीला दीड अँपिअर’ हा हिशेब नेमप्लेट उडाली असेल तेव्हाच करा.

2. प्रत्येक मोटरीला वेगळं संरक्षण द्या. डीओएलला एमपीसीबी (मोटरीसाठीचा खास ब्रेकर), नेमप्लेटच्या करंटवर लावलेला. स्टार-डेल्टात ओव्हरलोड रिले (करंट जास्त वेळ जास्त राहिला की मोटर बंद करणारा) मेन काँटॅक्टरखाली (मोटरीचा मुख्य विद्युत स्विच), वाइंडिंगच्या वाटेत बसतो. म्हणून त्याचं सेटिंग करंटच्या 0.58 पट, 28 ला साधारण 16. तिथे 28 लावला तर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल.

3. आता इनकमर. सगळे गोंधळतात ते इथेच, मीही गोंधळलो होतो.

अकोल्याजवळच्या एका मिलमध्ये मी चारही करंटची बेरीज केली, 54.5 आली, आणि 63 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (छोटा ब्रेकर, सेटिंग न बदलता येणारा) लावून मोकळा झालो. बाकीच्या तिन्ही मोटरी चालू असताना 20 एचपी स्टारमधून डेल्टात गेली की इनकमर पडायचा. त्या बदलाच्या क्षणी मोठा झटका बसतो आणि सी-कर्व्ह रेटिंगच्या पाच ते दहा पटीतच लगेच ट्रिप होतो. वैतागून मी तिथे 100 चा बसवला, केबल मात्र जुनीच ठेवली. पडणं थांबलं. काही महिन्यांनी झाकण उघडलं तर लगाजवळचं (केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या टोपीजवळचं) इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. इनकमर पडतो म्हणून नुसता रेटिंग वाढवू नका, कुणीही कितीही सांगितलं तरी! त्याने आधी केबल आणि बसबार (पॅनेलमधल्या करंट वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या) सांभाळायचे असतात.

हिशेब असा करा: सर्वांत मोठ्या मोटरीचा करंट सव्वापट, अधिक बाकीच्यांचे करंट. 35 + 26.5 = 61.5. यासाठी मी 80 अँपिअरचा, थर्मल सेटिंग (सावकाश तापून ट्रिप होण्याची मर्यादा) बदलता येणारा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, घेतो आणि 0.8 वर, म्हणजे 64 वर लावतो. मॅग्नेटिक ट्रिप, म्हणजे मोठ्या करंटला लगेच पडण्याची मर्यादा, बदलाच्या झटक्याच्या वर हवी. केबलने 64 अँपिअर सहज सोसले पाहिजेत, तेही कंपनीच्या तक्त्यातून उन्हाची कपात करून. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमधलं पॅनेल त्याहून तापतं. एवढी क्षमता नसेल तर केबल बदला. सेटिंग चढवून भागवू नका.

4. ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे ब्रेकर सुरक्षितपणे तोडू शकेल तो सर्वांत मोठा फॉल्ट (शॉर्ट सर्किट) करंट, पाहा. 500 केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ फॉल्ट करंट 15 किलोअँपिअरच्या आसपास जाऊ शकतो; तिथे 10 किलोअँपिअरचा एमसीबी चालणार नाही.

5. गेलेली लाइट परत आली की चारही मोटरी एकदम उचलू देऊ नका. टायमर लावा, मोठी मोटर आधी घ्या आणि ती डेल्टात स्थिरावल्यावरच पुढची.