जहाज घेताना कर्ज किती आणि भागभांडवल किती?

जहाज खरेदीसाठी कर्ज काढावे की भागभांडवल उभारावे, हे व्याजदर पाहून ठरवण्याची सवय अनेकांना असते. या व्यवसायात मात्र आधी भाड्याचा बाजार पाहावा लागतो. कोरड्या मालाच्या वाहतुकीचे दर दाखवणारा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता आणि त्याच डिसेंबरात ६६३ पर्यंत घसरला. भाडे असे कोसळले तरी बँकेचा हप्ता कमी होत नाही, म्हणून तुलनेची सुरुवात जहाजाला रोज किती कमवावे लागेल या आकड्यापासून करावी.

समजा, आठ वर्षे जुने बल्क कॅरिअर (कोळसा, धान्य असा सुटा कोरडा माल वाहणारे जहाज) २०० कोटी रुपयांना मिळत आहे. (व्यवहारात भाडे आणि कर्ज दोन्ही बहुधा डॉलरमध्ये असतात, येथे हिशेबाच्या सोयीसाठी रुपये घेतले आहेत.) बँक आठ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी १२० कोटी देते, दरवर्षी १० कोटी मुद्दल फेडायचे आणि उरलेले ४० कोटी अखेरीस एकरकमी द्यायचे. पहिल्या वर्षी मुद्दल आणि व्याज मिळून साधारण २०.८ कोटी लागतील. खलाशांचे पगार, विमा आणि देखभाल यांवर रोज साडेपाच लाख खर्च होतात आणि जहाज वर्षातले ३५० दिवस भाड्यावर असते असे धरले, तर भाड्याच्या प्रत्येक दिवशी सुमारे ११.७ लाख मिळायला हवेत. तेच जहाज पूर्णपणे भागधारकांच्या पैशावर घेतले, तर ५.७ लाखांत खर्च भागतो. पतदार भाडेकरूशी ११.७ लाखांहून चढ्या दराने पाच-सात वर्षांचा टाइम चार्टर (ठरावीक मुदतीसाठी रोजच्या ठरलेल्या दराने जहाज भाड्याने देण्याचा करार) झालेला असेल, तर कर्ज घ्यायला हरकत नाही. जहाज स्पॉट बाजारात, म्हणजे प्रत्येक फेरीला त्या वेळच्या दराने, फिरणार असेल, तर मंदीतल्या भाड्यातही हप्ता निघेल इतपतच कर्ज ठेवावे. अखेरचे ४० कोटी देण्याची वेळ येईल तेव्हा जहाज सोळा वर्षांचे झालेले असेल, त्यामुळे ती रक्कम भंगाराच्या किमतीशीही ताडून पाहावी.

करारातले सर्वांत धोकादायक कलम हप्त्याचे नसून जहाजाच्या किमतीचे असते. किंमत थकीत कर्जाच्या १३० टक्क्यांखाली जाऊ नये अशी अट असेल, वर्षभराने कर्ज ११० कोटी उरले असेल आणि जहाजाची किंमत १३० कोटींवर आली असेल, तर एकही हप्ता न चुकवता, कर्ज १०० कोटींवर आणण्यासाठी, मालकाला आणखी १० कोटी तातडीने भरावे लागतात. तेही नेमके मंदीत, म्हणजे नवे भागधारक शोधणे सर्वांत कठीण असते तेव्हा. या अटीची टक्केवारी, किंमत कोण ठरवणार आणि तूट भरण्यास किती दिवस मिळणार, यांवर व्याजदरापेक्षा अधिक घासाघीस करावी, असे माझे मत आहे.

व्याजामुळे कर वाचतो, हा कर्जाच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद येथे तपासून घ्यावा. भारतात २००४ पासून टनेज कराची सोय आहे. ती निवडलेल्या कंपनीचे करपात्र उत्पन्न जहाजाच्या टनांवरून ठरत असल्याने व्याज वाढले म्हणून त्या उत्पन्नावरचा कर कमी होत नाही.

भागभांडवलाला हप्ता नसला तरी ते फुकटही नसते. जहाजांच्या बाजारभावातून कर्ज वजा करून प्रत्येक समभागामागे १०० रुपये येत असतील आणि शेअर बाजारात तो ७० रुपयांना मिळत असेल, तर नवे समभाग काढणे म्हणजे आपलेच जहाज सवलतीत विकणे होय. अशा वेळी एखादे जुने जहाज पूर्ण भावाने विकून पैसा उभा करणे बरे.

अखेरीस कायद्याचा क्रम पाहावा. भारताच्या २०१७ च्या नाविक दावे कायद्यानुसार जप्त जहाजाच्या विक्रीतून खलाशांचे थकीत वेतन नोंदणीकृत गहाणाच्या आधी दिले जाते आणि भागधारक सर्वांच्या मागे असतात. बँक गहाणाबरोबर भाड्याच्या आणि विम्याच्या रकमेवरही हक्क मागते. प्रत्येक जहाजासाठी स्वतंत्र कंपनी काढण्याची पद्धत आहे, पण मूळ कंपनीने हमी दिली असेल तर एका जहाजाचे कर्ज बाकीच्या ताफ्यापर्यंत पोहोचते. म्हणून सही करण्यापूर्वी त्या हमीची कमाल रक्कम लिहून घ्यावी.